घरच्या पोकरसाठी चार आण्यांच्या चिप्स: कुठून, किती, कोणत्या?

चौकटगुलाम (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, हा धागा पोकर कसा खेळायचा यासाठी नाही आणि जुगार बरा की वाईट यासाठी तर नाहीच. त्या विषयावर आधीचे दोन धागे आहेत, तिथे अजून धूर निघतोय. इथे विषय एकच: घरी खेळायचा चिप्सचा संच जमवताना सगळ्यात खालच्या किमतीच्या चिप्स. २५ सेंट, ५० सेंट, फार तर १ डॉलर.

संच जमवणारे बहुतेक जण वरून खाली येतात. आधी काळी शंभराची, मग हिरवी पंचविसाची, मग लाल पाचाची. चार आण्यांची वेळ आली की "त्या काय, कुठल्याही चालतील". माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आमच्यासारख्या पाव-अर्धा डॉलर ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम) टेबलावर काळी चिप रात्रभर डब्याबाहेर येत नाही. बोटांत आणि पॉटमध्ये (टेबलाच्या मधल्या ढिगात) सतत फिरते ती पावली आणि तिच्यामागोमाग डॉलर. डोकं आणि पैसे तिथे घालावेत, संच खालून वर बांधावा.

अडचण अशी की खऱ्या कॅसिनोच्या चिप्समध्ये दुर्मिळ असतात त्या पावल्याच. कॅसिनोला पाव डॉलर लागतो कुठे? ब्लॅकजॅकमध्ये पाच डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला की दोनास तीन या दराने साडेसात द्यावे लागतात, म्हणून अडीच डॉलरची गुलाबी चिप आली. पाव-अर्ध्या डॉलरपर्यंत उतरायची गरज फार थोड्या जागी पडली: लहान गावांतल्या कार्डरूम्स, काही क्रूझ जहाजं, स्वस्तातली क्रॅप्सची (फाशांच्या खेळाची) टेबलं. तिथल्या चिप्स मुळात थोड्या, आणि आज घरी खेळणाऱ्या प्रत्येकाला त्याच हव्यात. म्हणून छापील किंमत २५ सेंट असलेली चिप दोन-अडीच डॉलरला मागतात, आणि लोक देतातही.

आमचा हिशोब सांगतो. आठ जण, प्रत्येकी ५० डॉलर. एकाला १२ पावल्या (३ डॉलर), १२ डॉलर एकेकचे, ७ पाचाच्या (३५ डॉलर). म्हणजे ९६ पावल्या, ९६ एकाच्या, ५६ पाचाच्या. रॅक शंभराचा असतो, त्यामुळे पावलीचा एक रॅक, एकाचा एक, पाचाचा एक (वरच्या चव्वेचाळीस रीबायसाठी, म्हणजे हरलेल्याने पुन्हा चिप्स घेतल्या तर), आणि रात्री उशिरा पेटलेल्यांसाठी वीस डॉलरच्या वीस चिप्स. एकूण ३२०. सातशे चिप्सची पेटी घेणाऱ्यांनी निम्म्या कधी वापरल्या, ते सांगावं.

आता प्रश्न: हा पावलीचा एक रॅक तुम्ही कसा जमवलात किंवा जमवला असता?


हेमांगी_क

मी वेफर्सचा धागा समजून आत आले. आले तशी बसतेच.

प्रश्न बाळबोध आहे. नवऱ्याने मोठ्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतला संच आणलाय, प्रत्येक चिपवर फाशाचं चित्र, "साडेअकरा ग्रॅम, कॅसिनोसारखी" असं लिहिलेलं. जड आहेत, बऱ्या वाटतात. त्यात वाईट काय?


चौकटगुलाम

हेमांगीताई, वाईट काही नाही. खेळ त्यावरही होतो. पण "कॅसिनोसारखी" ही थाप आहे. त्या चिपच्या पोटात धातूची चकती असते आणि वरून प्लॅस्टिक. वजन चकतीचं. खरी कॅसिनोची चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमची, म्हणजे तुमच्यापेक्षा हलकी. तिला सगळे क्ले म्हणतात, पण ती भाजलेली माती नव्हे. खनिजांची भुकटी आणि चिकटवणारा माल यांचं मिश्रण साच्यात घालून उष्णता आणि दाबाने घट्ट केलेलं असतं. म्हणून पृष्ठभाग किंचित खरखरीत, थप्पी सरळ उभी राहते आणि आवाज खणखणीत न येता मऊ येतो. एकदा हाताला सवय लागली की प्लॅस्टिक नको वाटतं, एवढंच.

कडेवर जे रंगीत पट्टे दिसतात ना, ते चांगल्या चिपवर रंगवलेले नसतात. तेवढा तुकडा कापून दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवून मग दाबतात. जितके पट्टे तितकी मेहनत आणि तितकी किंमत. कॅसिनोला ते हवे असतात, कारण छतावरच्या कॅमेऱ्याला थप्पीतल्या खालच्या चिप्सची फक्त कड दिसते.

तिसरा प्रकार सिरॅमिक. त्यावर कडेसकट सगळीकडे छपाई होते, हवं ते चित्र टाकता येतं. नवीन करून घ्यायच्या तर हाच सोपा रस्ता.


वाळवंटी (हेंडरसन, नेवाडा)

लेखाशी सहमत. थोडी इकडची भर.

लोकांना वाटतं कॅसिनोत डॉलर देऊन चिप घेतली म्हणजे ती आपली झाली. नेवाडाच्या गेमिंग नियमांत स्पष्ट लिहिलंय की चिप ही फक्त कॅसिनो तुमचं देणं लागतो याची खूण. चिपची मालकी कॅसिनोचीच. आठवण म्हणून एक-दोन खिशात टाकून नेल्या तर कोणी अडवत नाही. कॅसिनोचं त्यात काही जात नाही, डॉलर आधीच गल्ल्यात पडलेला असतो. पण डॉलरच्या चिप्स रॅकनी मागायला लागलात की पिंजऱ्यातला (चिप्स-पैशांच्या खिडकीवरचा) माणूस भुवया उंचावतो. डॉलरच्या चिप्स जमवणारे म्हणूनच थोड्या-थोड्या घेतात. त्याला इथे "कापणी" म्हणतात. या रस्त्याने पावली मिळत नाही, एकाची मात्र छापील किमतीत मिळते आणि तीही खरी.

कॅसिनो बंद पडला किंवा त्याने चिप्स बदलल्या की जुन्या परत घेण्यासाठी किमान १२० दिवसांची मुदत द्यावी लागते. मग उरलेल्यांची विल्हेवाट नियामकाला सांगून लावायची. २०२४ मध्ये एप्रिलच्या २ तारखेला ट्रॉपिकाना बंद झालं, जुलैच्या १७ ला मिराज. दोन्हीकडे शेवटच्या दिवसांत लोक डॉलर-पाचाच्या चिप्स घेऊन घरी गेले. ट्रॉपिकाना तर ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून पाडलं. पाडलेल्या इमारतीची एक डॉलरची चिप घरच्या टेबलावर फिरवण्यात जी मजा आहे ती सिरॅमिकवर छापलेल्या कमळात नाही, हे माझं वैयक्तिक मत.

आणखी एक: तुम्ही ५० सेंटच्या चिप्सबद्दल लिहिलंत, पण बऱ्याच ब्लॅकजॅक टेबलांवर अर्धा डॉलर चिपने न देता सरळ केनेडीचं नाणं देत. डीलरच्या ट्रेमध्ये नाण्यांची नळी असे. म्हणजे ५० सेंटच्या चिप्स कमी निघायचं आणखी एक कारण.


चिंचोका (पुणे)

छान चाललंय. आमच्याकडे दिवाळीत आजोबा डब्यातून चिंचोके काढायचे. चिंचोका एक आणा, कवडी चार आणे. डॉलरमध्ये काय पडतात बघा. मोल्ड (साचा), इनले (मधलं वर्तुळ), एज स्पॉट (कडेचे पट्टे) सगळं निसर्गाने आधीच करून ठेवलंय. शिवाय हरले तर भाजून खाता येतात.


चौकटगुलाम

चिंचोकासाहेब, कवडीला हसू नका. युरोपातल्या पत्त्यांच्या टेबलांवर अठराव्या शतकात चीनहून मागवलेल्या शिंपल्याच्या चकत्या असत, कोरीव काम केलेल्या, काही माशाच्या आकाराच्या. पुढे हस्तिदंत, हाड. दाबून केलेल्या क्लेच्या चकत्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्या. म्हणजे कवडी वंशावळीत वरच्या फांदीवर बसते. फक्त चिंचोक्यांची थप्पी लागत नाही.


लॉस_एंजलिसकर

ह्या विषयावर मी रात्रभर बोलू शकतो, बायको झोपली आहे, म्हणून बोलतो.

खालच्या किमतीच्या चिप्स जुन्या हव्या असतील तर वेगासकडे बघू नका, कॅलिफोर्नियाकडे बघा. लॉस एंजलिसच्या दक्षिणेला गार्डिना नावाचं शहर आहे. तिथे १९३६ पासून कायदेशीर कार्ड क्लब होते, आणि कित्येक दशकं ती अमेरिकेतली पोकरची राजधानी होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने स्टड पोकर (काही पत्ते उघडे वाटायचा) वर्ज्य, ड्रॉ पोकर (सगळे पत्ते झाकलेले, नको ते बदलून घ्यायचा) चालायचा. मालक पॉटमधून वाटा घ्यायचा नाही, दर अर्ध्या तासाला खुर्चीचं भाडं गोळा करायचा. गिऱ्हाईक कोण? कारखान्यातले कामगार, पेन्शनर, दुपारी मोकळ्या असलेल्या बायका. साहजिकच डाव छोटे आणि चिप्सही छोट्या. लॉस एंजलिसमध्येच टी. आर. किंग नावाची कंपनी होती, तिने या भागातल्या क्लबांना पिढ्यान्‌पिढ्या चिप्स पुरवल्या. तिच्या चिप्स हातात घेतल्या की कळतं, पॉलसन या वेगासच्या कंपनीच्या चिप्सपेक्षा वेगळा पोत, थोड्या कडक. चिप्स जमवणाऱ्या माणसाला "किंग" म्हटलं की डोळे चमकतात.

दुसरी खाण म्हणजे बेकायदा अड्डे. साधारण १९२० ते १९५० च्या दशकांत केंटकीतलं न्यूपोर्ट, आर्कान्सातलं हॉट स्प्रिंग्ज, टेक्ससमधलं गॅल्व्हस्टन, ही गावं उघड-उघड जुगारावर चालायची. गॅल्व्हस्टनला समुद्रात धक्क्यावर बांधलेली बालिनीज रूम होती, ती टेक्सस रेंजर्सनी १९५७ मध्ये बंद पाडली. या अड्ड्यांच्या चिप्सवर नाव नसे, गाव नसे, किंमतही बहुधा नसे. उगाच पुरावा कोण ठेवील? नुसती दोन-तीन अक्षरं सोनेरी ठशात. मग ती कुणाची हे कसं ओळखायचं? मेसन नावाच्या कंपनीच्या जुन्या ऑर्डरची कार्डं संग्राहकांच्या हाती लागली. त्यावर कोणत्या अक्षरांच्या किती चिप्स कोणाला पाठवल्या त्याची नोंद, आणि त्यावरून अक्षरांना पत्ते मिळाले.

आता तुमच्या कामाचं: किंमत नसलेल्या या जुन्या चिप्स पावली म्हणून उत्तम. अक्षरं माहीत नसलेल्या, ज्यांचा अड्डा सापडलेला नाही, त्या संग्राहकांना नकोत आणि म्हणून स्वस्त. एकाच रंगाच्या साठ-सत्तर एकत्र मिळाल्या तर उचला. फक्त सोनेरी ठसा पुसट झालेला असतो. वापरून आणखी पुसट होणार.


गणिती

तुमच्या वाटणीत एकाच्या चिप्स कमी आहेत. पाव-अर्ध्याच्या टेबलावर पहिली रेझ (बोली वाढवणं) बहुधा दीड ते अडीच डॉलरची. पुढच्या दोन फेऱ्यांत चार, सहा, नऊ. हे सगळं एकाच्या चिप्सनी होतं. प्रत्येकाला १२ पावल्या, १७ एकाच्या, ६ पाचाच्या द्या: ३ अधिक १७ अधिक ३०, पन्नास बरोबर. मग आठ जणांना १३६ एकाच्या लागतात, म्हणजे दोन रॅक.

पावली मात्र बारापेक्षा जास्त देऊ नका. पावल्या वाढल्या की खेळ मंदावतो. आमच्याकडे एक गृहस्थ सव्वातीन डॉलरची रेझ तेरा पावल्यांनी करायचे आणि मग डीलरने त्या मोजायच्या.

दुसरा पर्याय: पावली काढूनच टाका. दोन्ही ब्लाइंड अर्ध्या डॉलरचे ठेवा, सगळ्यात खालची चिप ५० सेंटची. १० अर्ध्या, १५ एकाच्या, ६ पाचाच्या. एक पायरी कमी, हिशोब सोपा.


चौकटगुलाम

एकाच्या दोन रॅकचं पटलं, हिशोब सुधारतो. अर्ध्या-अर्ध्याचं नाही पटलं. दोन्ही ब्लाइंड सारखे झाले की छोट्या ब्लाइंडवाल्याला अर्धवट आत असल्याची जी कुरकुर असते ती जाते, आणि आमच्या टेबलावर निम्मी गंमत त्या कुरकुरीची आहे.

शिवाय पायऱ्यांचा विचार करा. पाव ते एक चौपट, एक ते पाच पाचपट, पाच ते वीस चौपट. चार-पाच पटीच्या पायऱ्या हाताला बसतात. अर्धा ते एक ही दुप्पट पायरी म्हणजे चिप फुकट गेली.


मीनल_बे_एरिया

पोकर राहू द्या, आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती असते आणि तिथे तुमचं सगळं गणित कोसळतं. पोकरला एका डावात ब्लाइंड दोघांचाच. तीन पत्तीला बूट (सुरुवातीची सक्तीची चिप) सगळ्यांचा, दर डावाला. नऊ जण बसले तर पत्ते वाटायच्या आधीच नऊ चिप्स मध्ये. पत्ते न बघता (ब्लाइंड) खेळणारा एक टाकतो, पत्ते बघितलेला दुप्पट टाकतो, आणि आमच्या सासूबाई शेवटपर्यंत पत्ते बघतच नाहीत. रात्री अकरापर्यंत खालच्या सगळ्या चिप्स त्यांच्यापुढे आणि बाकीचे सुट्टे मागत फिरतात.

तीन पत्तीसाठी खालच्या चिप्स माणशी किमान पंचवीस-तीस धरा. नऊ जणांना अडीच रॅक. आणि वरची चिप पाचपट नको, चौपटच बरी. चाल एक, दोन, चार अशी दुपटीने वाढते.


चौकटगुलाम

हे मी धरलंच नव्हतं, कारण आमची मंडळी तीन पत्तीला नाक मुरडते. पण दिवाळीला त्यांच्या बायका येतातच, तेव्हा तुमचा आकडा लिहून ठेवला.


मांडवीकाठ (पणजी)

कॅसिनो आमच्या नाकासमोर नदीत उभे आहेत, तेव्हा दोन शब्द आमचेही.

गोव्याच्या बोटींवरच्या चिप्स रुपयांत, आणि तिथलं खालचं टोक घरच्या खेळाच्या दृष्टीने बरंच वर असतं. चार आणे सोडाच. माझ्यापुरता प्रश्न नाही, कारण १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. पाहुणे आत, आम्ही बांधावर मासे धरत. येणाऱ्या पाहुण्यांत मुंबई-पुण्याची गर्दी मोठी. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे मराठी माणसाला खरी कॅसिनोची चिप बघायची तर आमचीच फेरी पकडायची.

चौकटगुलाम, भारतात कोणी असा संच मागवला आहे का? सामानातून आणणं बरं की टपालाने?


वाळवंटी

वजन बघा. एक चिप साडेनऊ ग्रॅम धरली तर शंभराचा रॅक पाऊण किलोच्या पुढे, साधारण ९५० ग्रॅम. पाचशेचा संच पावणेपाच किलो, वर रॅक आणि पेटी. एका बॅगेत तेवीस किलो नेता येत असतील तर पंचमांश चिप्सच. आईने सांगितलेली बदामाची पाकिटं कुठे घालणार?

बॅगेत घातल्याच तर रॅकमध्ये ठेवून रबर लावा. सुट्ट्या आदळल्या की कडा उडतात. क्लेच्या चिपची कड हीच तिची तब्येत. नवीकोरी असेल तर कड धारदार, वापरलेली असेल तर गोल. गोल कडेच्या थप्प्या घसरतात. पावली विकत घेताना विक्रेत्याकडून वरून काढलेला फोटो न मागता थप्पीचा बाजूने काढलेला मागावा.


डॉ_सुमेध

एक गंभीर मुद्दा राहिला. जुन्या पॉलसन चिप्समध्ये वजनासाठी शिसं असायचं. संग्राहक त्या आवडीने घेतात, कारण हाताला जड आणि गुळगुळीत लागतात. हाताळून काही लगेच होत नाही, पण खेळताना चिवडा खाऊ नका आणि नंतर हात धुवा. रांगतं मूल घरात असेल तर तो डबा वर ठेवा, मुलं सगळं तोंडात घालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्या किमतीचं लेबल लावण्यासाठी काही जण जुन्या चिपचा मधला भाग घासून काढतात. शिशाच्या चिपवर हे कोरडं घासकाम घरात अजिबात करू नका. धूळ श्वासात जाते.


लॉस_एंजलिसकर

डॉक्टरांना दुजोरा. घासण्याच्या या प्रकाराला संग्राहक खूनच म्हणतात, आणि काहींच्या मते तो खटला चालवण्याजोगा आहे. मी मधल्या मताचा. ज्या चिपच्या हजारो प्रती बाजारात पडून आहेत तिची पावली करून खेळात आणली तर बिघडत नाही. बेकायदा अड्ड्याची, जिच्या पन्नासच उरल्या आहेत, तिला घासणारा मात्र माझ्या टेबलावर नको.

पॉलसनबद्दल धाग्यात कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून: कंपनी लास वेगासमध्ये पॉल एंडी यांनी १९६३ मध्ये सुरू केली. कडेच्या वर्तुळात उंच टोपी आणि काठीचा ठसा असतो, तो यांचा. कारखाना मेक्सिकोत सान लुईस रिओ कोलोराडोला. २००२ मध्ये ती बड जोन्स आणि एका फ्रेंच कंपनीबरोबर एकत्र होऊन गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झाली, आणि २०१९ मध्ये ती जपानच्या एंजलने घेतली. मधल्या काळात पॉलसनच्या चिप्स घरगुती गिऱ्हाइकांना नव्या मिळायच्या, आपल्या मनाप्रमाणे २५ सेंट छापून. मग ते बंद झालं. आज घरगुती माणसाला पॉलसनची पावली हवी तर कोणीतरी आपला संच मोडायला काढावा लागतो. दाबून केलेल्या क्लेच्या नव्या चिप्स घरगुती गिऱ्हाइकाला करून देणारी मेन राज्यातली क्लासिक पोकर चिप्स आहे. वाट बघायची तयारी ठेवा.


गणिती

रंगांबद्दल बोलू या का? माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा तिथे होतो. २५ सेंट आणि २५ डॉलर, दोन्ही चिप्सवर "२५". दिव्याच्या पिवळ्या उजेडात, अकराच्या पुढे, कोणीतरी एकदा तरी पावली समजून पंचवीस डॉलर टाकतोच.


चौकटगुलाम

म्हणून तर वर वीस डॉलरची चिप लिहिली. घरच्या संचात २५ डॉलरची चिप ठेवूच नये. न्यू जर्सीत किमतीप्रमाणे रंग नियमानेच ठरलेले आहेत: एक पांढरी, अडीच गुलाबी, पाच लाल, वीस पिवळी, पंचवीस हिरवी, शंभर काळी, पाचशे जांभळी. अटलांटिक सिटीला जाऊन आलेल्या आमच्या मंडळींच्या डोक्यात हेच बसलंय. कॅलिफोर्नियावाल्यांना पाच म्हटलं की पिवळी आठवते. पावलीचा रंग मात्र कुठल्याच परंपरेत ठरलेला नाही, त्यामुळे तिथे मोकळीक. पांढरा, लाल, पिवळा सोडून घ्या. निळा किंवा तपकिरी. आणि कडेवर पट्टे नसलेली साधी असेल तर आणखी चांगलं, मग थप्पीत लपूच शकत नाही.


मीनल_बे_एरिया

लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष प्रत्येक कंपूत एक-दोन असतातच. आमच्याकडे दोन आहेत, सख्खे भाऊ. त्यांच्यासाठी रंगापेक्षा कडेचे पट्टे कामाचे. खालची साधी, मधली चार पट्ट्यांची, वरची आठ पट्ट्यांची. अंधारातही ओळखू येते.


हेमांगी_क

आता मला खरंच हवीशी वाटायला लागली. दोन प्रश्न. एक, जुन्या चिप्स आल्या की धुवायच्या कशा? दोन, किंमत न लिहिलेली चिप कोणती, वर कोणीतरी म्हणालं ती?


वाळवंटी

धुणं: कोमट पाणी, सौम्य साबण, जुना मऊ टूथब्रश. गरम पाणी नको, ब्लीच नको, अ‍ॅसिटोनच्या जवळ जाऊ नका, आणि भिजत घालून विसरू नका. मधलं कागदी-प्लॅस्टिकचं वर्तुळ असतं त्याच्या कडेने पाणी शिरतं. वाळल्या की पांढुरक्या दिसतात. घाबरू नका, मिनरल ऑइलचा पुसट हात फिरवला की रंग परत येतो. खोबरेल लावू नका, महिन्याभरात खवट वास येतो. बोटांना लागून पत्त्यांवर गेला की पत्तेही गेले.

किंमत नसलेली: यासाठी रुलेटच्या चिप्स बघा. रुलेटच्या टेबलावर सहा-सात जणांच्या चिप्स एकाच पटावर सांडलेल्या असतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग देतात. त्या रंगाची किंमत तो माणूस पैसे देतो तेव्हा ठरते. तुमची निळी एक डॉलरची, उद्या दुसऱ्याची निळी पाचाची. म्हणून चिपवर आकडा नसतो, फक्त कॅसिनोचं नाव आणि टेबलाचं अक्षर किंवा चिन्ह. टेबल सोडताना त्या तिथेच मोडायच्या, पिंजऱ्यावर चालत नाहीत. आकडा नसल्यामुळे किमतीप्रमाणे जमवणारे संग्राहक यांच्या मागे कमी लागतात. साचा तोच, माल तोच, बहुतेकदा ३९ मिलिमीटरचा व्यासही तोच, आणि भाव पावलीच्या निम्म्याहून कमी.

माझ्या संचात पावली म्हणजे तपकिरी रुलेट. आठ वर्षांच्या भाचीबरोबर खेळताना तीच पाच सेंटची होते.


चौकटगुलाम

रुलेटची कल्पना फार आवडली. एकाच्या खऱ्या, पाचाच्या खऱ्या, आणि खाली रुलेट. मीनलताईंच्या सासूबाईंनाही पुरेल, कारण रुलेटच्या चिप्स एका रंगात दोन-तीन रॅक सहज निघतात. एकच शंका: टेबलाची अक्षरं वेगवेगळी आली तर? एका रॅकवर गरुड, दुसऱ्यावर त्रिकोण असं.


वाळवंटी

रंग आणि कॅसिनो एकच असेल तर चिन्ह वेगळं असलं तरी चालवा. कड सारखीच दिसते. पण बंद पडलेल्या ठिकाणाचीच घ्या. चालू कॅसिनोचं रुलेट घरात असणं बरं दिसत नाही, कारण ती त्या टेबलावरून उठायलाच नको होती.


चिंचोका

म्हणजे शेवटी आकडा नसलेली तपकिरी गोल वस्तू, जिची किंमत खेळणाऱ्यांनी बसून ठरवायची. मी पहिल्याच प्रतिसादात काय वेगळं सांगत होतो?


मांडवीकाठ

:)

वाळवंटी, एक रॅक तपकिरी आणि एक निळा, दोन्ही बंद जागांचे, नजरेला पडले तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डिसेंबरात माझा भाऊ सॅन होजेहून येतोय, दोन किलोला तो नाही म्हणणार नाही.


वाळवंटी

निळे आहेत, कडा चांगल्या. तपकिरींत एकोणीस कमी भरतात. फोटो बाजूने काढून पाठवतो.